परदेशचा पगार, तंजावरचा प्लॉट

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळातला, १८०३ सालचा. त्या काळापासून इथे रुजलेल्या घरातला एखादा मुलगा आज दुबईत असतो, आणि काकांना फोन करतो, “गावात थोडी जागा बघा.”

काका उत्साहाने शहराबाहेर नेतात. दगड रोवलेत, पण बांधापलीकडे भात डोलतोय! इथेच थांबावं. फेमा कायद्याने अनिवासी भारतीयाला घर किंवा दुकान विकत घेता येतं. शेतजमीन, मळा, फार्महाऊस नाही. वारशाने आलेली शेती ठेवता येते, ते वेगळं. म्हणून प्लॉट बिगरशेती आहे का आणि नगररचना खात्याची मंजुरी आहे का, हे आधी पाहायचं.

मोजमापही निराळं. इथे सेंट चालतात, शंभराचा एक एकर. आपला गुंठा म्हणजे अडीच सेंट. सातबाऱ्याच्या जागी ‘पट्टा’. जागेवर कर्ज वा बोजा आहे का, ते ‘विल्लंगम’ दाखल्यात कळतं. तो तीस वर्षांचा काढावा. एजंट तेराच वर्षांचा पुढे करतो.

पैसे बँकेतूनच, एनआरई किंवा एनआरओ खात्यातून. रोख दिरहॅम काकांच्या पिशवीत नकोत. आणि काकांनी सही करायची तर मुखत्यारपत्र वकिलातीत साक्षांकित करून पाठवायचं, ते भारतात पोचल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायचा.