जुनं पेरणी यंत्र, न नांगरलेलं रान

आठवड्यातले दोन दिवस मी नारायण पेठेतल्या आमच्या कार्यालयात गटांच्या वह्या तपासते आणि उरलेले दिवस गावोगाव फिरते. आज वही बाजूला ठेवून एका यंत्राबद्दल बोलणार आहे.

आमच्या एका गटानं बचतीतून ट्रॅक्टरचं जुनं, सहा फणांचं पेरणी यंत्र घेतलं. सोयाबीन निघालं की नांगरट-पाळी न करता त्याच धसकटांत हरभरा पेरायचा, असा विचार होता. नांगरटीचे पैसे वाचतात, ओल उडत नाही, मुळं जमिनीतच कुजतात. पंजाब-हरियाणात भात काढून त्याच रानात यंत्रानं गहू पेरतात. आपल्याकडे नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विना-नांगरणीची एसआरटी पद्धत रुजवली. तिथे गादीवाफ्यावर साच्यानं भोकं पाडून टोकण करतात. म्हणजे वाट नवी नव्हती, पण आमचं यंत्र तयार नव्हतं.

पहिल्या वर्षी एका ताईंचं एक एकर पेरलं. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच शेती बघतात. हरभरा उगवला, पण हात-हातभर नांगे. गावातली माणसं हसली. ताई मासिक बैठकीत एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी माझ्या रानात आधी नका लावू." बियाणं खराब असेल असं आम्हाला वाटलं. मग खुरप्यानं उकरून बघितलं. बी काडाच्या घडीत अडकलं होतं, मातीला लागलंच नव्हतं.

मग यंत्र अंगणात घेतलं. पहिली गोष्ट, यंत्र टेकूवर ठेवा, ट्रॅक्टर बंद करा, पदर खोचा आणि मगच खाली हात घाला. दोरी धरून सगळे फण एका रेषेत आहेत का, दोन फणांत 30 सेंटिमीटर अंतर आहे का, टोकं एका उंचीवर आहेत का ते बघा. आमचा एक फण दोन बोटं वर होता. चाक हलवून बेअरिंग खडखडतंय का ते तपासा. साखळी सैल असली तर ती उडी मारते आणि तेवढ्यात बी पडत नाही. साखळी आणि बेअरिंग मी कार्यालयातून चालत जाऊन बोहरी आळीतून आणली. बियांच्या नळ्यांत फुंकर मारा. आमच्या एकीत गांधीलमाशीनं मातीचं घर केलं होतं.

दुसरी गोष्ट फाळांची. जुने रुंद फाळ नांगरलेल्या रानासाठी असतात, ते काड ओढत नेतात. आम्ही त्याजागी उलट्या 'टी' आकाराचे अरुंद फाळ बसवले. ते बारीक चीर पाडतात, माती उलटत नाहीत. पुढे काड कापणारी गोल तबकडी बसवली तर उत्तम. ती परवडत नसेल तर काड आधी रानभर सारखं पसरा, ढीग ठेवू नका. काड ओलं असताना पेरू नका, दुपारी पेरा.

तिसरी गोष्ट मोजमापाची. हरभऱ्याच्या दाण्याला बसेल अशीच चकती लावा. बियाण्याला ट्रायकोडर्मा आणि रायझोबियम चोळून सावलीत सुकवा. चिकट बी चकतीत अडकतं. मोजणीही तेच बी घेऊन करा. चाकाच्या आरीला चिंधी बांधा, रानात यंत्र चालवून चाकाचे 20 फेरे मोजा आणि किती अंतर झालं ते टेपनं घ्या. आमचं 40 मीटर झालं. सहा ओळींची रुंदी 1.8 मीटर, म्हणजे 72 चौरस मीटर. एकरी 27 किलो बी हवं, तर तेवढ्यात साधारण 480 ग्रॅम पडायला हवं, प्रत्येक नळीतून 80 ग्रॅम. नळ्यांना पिशव्या बांधून पुन्हा 20 फेरे घेतले आणि किराणा दुकानाच्या काट्यावर वजन केलं. एका नळीत 50 ग्रॅमच निघालं. चकतीचं भोक तुटलेलं होतं.

शेवटी रानात वाफसा बघून दहा पावलं पेरा, थांबा आणि उकरा. बी पाच-सहा सेंटिमीटर खोल, ओलीत आणि मातीनं झाकलेलं दिसायला हवं. मीटरभर ओळीत दहा-अकरा दाणे मोजा. मगच पुढे चला आणि सावकाश चला. चालक घाई करतो, तेव्हा मागून एकीनं नळ्यांवर लक्ष ठेवायचंच.

पुढच्या वर्षी ताईंनी अर्धाच एकर दिला, बांधावर उभ्या राहिल्या आणि दर वळणावर स्वतः उकरून बघत होत्या. नांगे अगदीच नव्हते असं नाही, पण ओळी बांधावरून सरळ दिसत होत्या. हंगाम झाल्यावर आम्ही खताची पेटी धुवून वाळवली, फाळांना तेल लावलं, कारण खत लोखंड खातं. तेव्हा ताई वही मागून घेऊन म्हणाल्या, "पुढच्या पेरणीच्या यादीत माझं नाव पहिलं लिहा. पूर्ण एकर."

तुमच्या गटाचं यंत्र कोपऱ्यात गंजत पडलं असेल, तर ते विकण्याआधी एक दुपार त्याला द्या. खुरपं, टेप आणि किराणा दुकानाचा काटा, एवढंच लागतं.