मांडवातील भय

लग्नघर म्हटले की तोरणे, सनई, रांगोळ्या आणि जेवणाच्या पंगती डोळ्यांपुढे येतात. भयपट म्हटला की ओसाड वाडा, करकरणारे दार आणि काळोख. ह्या दोन गोष्टींचे परस्परांशी काही नाते असेल, अशी शंका सहसा कोणास येत नाही. दिवसभर कार्यालय, आचारी व सराफ ह्यांच्याकडे खेपा घालून दमलेले एखादे कुटुंब रात्री करमणुकीसाठी भयपट लावून बसते, ते लग्नाचा शीण विसरण्यासाठीच. तथापि अलीकडील काही गाजलेले भयपट एका रांगेत मांडून पाहिले, तर निराळेच दृश्य दिसते. 2018 साली ‘स्त्री’, 2019 साली अमेरिकेतील ‘रेडी ऑर नॉट’, 2020 साली ‘बुलबुल’ आणि 2024 साली ‘मुंज्या’ असे चार चित्रपट आले. त्यांची भाषा, देश व धाटणी ह्यांत साम्य थोडेच. पण चौघांच्याही मुळाशी एक लग्न आहे. कोठे ते झालेले, कोठे मोडलेले, तर कोठे बळाने लावू पाहिलेले. भुताखेतांच्या कथाकारांना मसणवटीपेक्षा मांडव अधिक सोयीचा वाटू लागला, ह्याला काही कारण असलेच पाहिजे.

पहिले कारण कलेच्या तंत्रातले आहे. रहस्यपटांचा बादशहा आल्फ्रेड हिचकॉक ह्याने फ्रान्स्वा त्रुफो ह्या फ्रेंच दिग्दर्शकाशी केलेल्या संभाषणात धक्का आणि उत्कंठा ह्यांतील भेद समजावून सांगितला होता. माणसे टेबलाशी गप्पा मारीत बसली आहेत आणि अचानक टेबलाखाली बाँब फुटला, तर प्रेक्षकास क्षणभर धक्का बसतो. परंतु बाँब ठेवलेला आहे व तो अमुक वाजता फुटणार आहे, हे प्रेक्षकास आधीच ठाऊक असेल, तर त्याच निरर्थक गप्पा जीव टांगणीस लावतात. लग्नाचा मुहूर्त हे तसलेच घड्याळ होय. तो पंचांगात पाहून ठरतो, पत्रिकेत छापला जातो, शेकडो लोकांस कळविला जातो. आणि एकदा ठरला की घरातील प्रत्येक माणूस त्या एका क्षणाकडे ओढला जातो. मध्येच कोणास काही खटकले, तरी ‘आता इतके पुढे गेल्यावर’ ह्या चार शब्दांनी त्याचे तोंड बंद होते. चित्रपटाच्या लेखकास ह्याहून चांगली चौकट कोण देणार?

आपल्याकडील विधीत तर ह्या क्षणाची सूचना शब्दांतच दिलेली आहे. अंतरपाटाच्या दोन बाजूंस वधूवर उभे असतात, मंगलाष्टके चालू असतात, आणि प्रत्येक अष्टकाच्या शेवटी भटजी ‘सावधान’ म्हणून बजावतात. तो शब्द ऐकून बोहल्यावरून पळालेल्या नारायणाची, म्हणजे समर्थ रामदासांची, कथा महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे. बाकीचे सर्वजण तो शब्द ऐकून मुठीतील अक्षता सावरतात. भयपट मात्र तो शब्द शब्दशः घेतो.

‘रेडी ऑर नॉट’ हा चित्रपट मॅट बेटिनेली-ओल्पिन व टायलर जिलेट ह्या जोडीने दिग्दर्शित केला आहे. त्यातील नववधू ग्रेस ही परक्यांच्या घरी वाढलेली मुलगी. तिला नवऱ्याच्या श्रीमंतीची भूल पडलेली नाही. तिला हवे आहे ते स्वतःचे म्हणता येईल असे घर, सासूसासरे, दीर, नणंदा, सणासुदीला भरलेले टेबल. खेळांच्या धंद्यात गबर झालेल्या ल डोमास घराण्याच्या वाड्यात तिचा विवाह थाटाने होतो. पोशाख, फुले, छायाचित्रे, कशात म्हणून उणे नाही. मध्यरात्री घराण्याची एक जुनी चाल म्हणून तिला पेटीतून एक पत्ता काढावयास सांगतात. त्यावर जो खेळ निघेल तो सर्वांनी खेळायचा. तिच्या हाती लपंडावाचा पत्ता येतो. ती हसत हसत लपावयास जाते, आणि इकडे तिचे सासर भिंतीवरील जुनी शस्त्रे उतरवू लागते. पहाटेपूर्वी नववधूचा बळी गेला नाही तर घराणे नष्ट होईल, अशी ह्या मंडळींची श्रद्धा आहे.

ह्या चित्रपटात रक्त पुष्कळ सांडते, आणि कित्येक ठिकाणी ते गरजेपेक्षा जास्त आहे. परंतु त्यातील खरी भीती कुऱ्हाडीत किंवा बाणात नाही; ती नवऱ्याच्या एका कबुलीत आहे. हा प्रकार त्यास आधीपासून ठाऊक होता. तो बोलला नाही, कारण सांगितले असते तर ती त्याला सोडून गेली असती. प्रेमाच्या नावाने केलेले हे मौन प्रेक्षकास जितके अस्वस्थ करते, तितके सासऱ्याचे शस्त्रही करीत नाही. घराण्यातील व्यसन, आजार, कर्ज किंवा आधीचे एखादे लग्न अशाच विचाराने झाकून ठेवणारी स्थळे केवळ अमेरिकेतच असतात, असे कोण म्हणेल? ‘लग्नानंतर कळेलच की’ हे वाक्य तर मराठी घरांतही अनोळखी नाही.

ही कल्पना नवी आहे असेही नव्हे. हिचकॉकच्याच ‘रेबेका’ ह्या 1940 च्या बोलपटात एक गरीब, एकाकी तरुणी माँटे कार्लो येथे एका श्रीमंत विधुराशी घाईघाईने लग्न करून त्याच्या मँडर्ली नामक वाड्यात येते, आणि तेथे त्याच्या मृत पत्नीची सावली तिला पदोपदी घेरते. डाफ्ने द्यू मोरिए हिच्या 1938 च्या कादंबरीवरून तो घेतलेला आहे. त्यातील नायिकेचे स्वतःचे नाव अखेरपर्यंत कोणी उच्चारीत नाही. ती फक्त अमक्याची दुसरी पत्नी. पाश्चात्त्य टीकाकारांनी ह्या निनावीपणाची मोठी वाखाणणी केली आहे. मराठी घरात, जेथे कालपर्यंत सासरी पाऊल टाकताच ताटातील तांदळावर अंगठीने नवे नाव लिहून मुलीचे जुने नाव पुसून टाकीत, आणि कोठे कोठे आजही तसे करतात, तेथील बायकांना ती युक्ती समजण्यास टीकाकाराची गरज पडू नये.

चार वर्षांनी, 1944 साली, जॉर्ज क्यूकरचा ‘गॅसलाइट’ आला. त्यातील नवरा बायकोच्या मावशीच्या घरात दडलेल्या रत्नांसाठी तिच्याशी लग्न करतो. रात्री तो चोरून माळ्यावर दिवे लावून शोध घेतो, त्यामुळे खालच्या खोलीतील गॅसची ज्योत मंदावते. बायको तसे बोलून दाखवते तेव्हा तो म्हणतो की तो तिच्या मनाचा भ्रम आहे. इन्ग्रिड बर्गमन हिला त्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले; आणि समोरच्या माणसाला स्वतःच्याच डोळ्यांवर अविश्वास वाटावयास लावण्याच्या कृत्याला इंग्रजीत त्या दिव्यावरूनच क्रियापद मिळाले.

मराठी रंगभूमी व बोलपट ह्यांनी हेच भय भूत न आणता दाखविले होते, ह्याचे स्मरण येथे अवश्य केले पाहिजे. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ 1899 साली रंगभूमीवर आले. त्यात पैशाच्या लोभाने मुलगी म्हाताऱ्यास देऊ पाहणारा बाप आहे, ते लग्न जुळविण्यासाठी धडपडणारे मध्यस्थ आहेत, आणि सगळी सिद्धता चाललेली असताना जिला कोणी काही विचारले नाही अशी शारदा आहे. पुढे 1937 साली प्रभात कंपनीने व्ही. शांताराम ह्यांच्या दिग्दर्शनाखाली ‘कुंकू’ काढला. त्यातील नीरा फसवणुकीने वृद्ध विधुराच्या गळ्यात बांधली जाते, आणि त्या घरात राहूनही त्याची पत्नी होण्यास साफ नकार देते. शांता आपटे ह्यांची ती नीरा, आणि त्या घरातील ते जुने, अडखळत चालणारे घड्याळ, ज्यांनी पाहिले ते विसरले नाहीत. एकही पिशाच नसलेला हा बोलपट कित्येक भयपटांपेक्षा अधिक गुदमरवितो.

‘मुंज्या’ ह्या परंपरेत बसतो तो थोडा तिरका होऊन. आदित्य सरपोतदार ह्यांचा हा हिंदी चित्रपट असला, तरी त्याची माती कोकणची आहे. मुंज झाल्यावर व सोडमुंज होण्यापूर्वी मेलेला मुलगा पिंपळावर मुंजा होऊन राहतो, ही समजूत महाराष्ट्रात जुनी. चित्रपटात 1952 सालचा एक ब्राह्मण मुलगा, गोट्या, स्वतःहून सात वर्षांनी मोठ्या मुन्नीवर जीव जडवून बसतो. तिचे लग्न दुसरीकडे ठरते. तिला मिळविण्यासाठी तो अघोरी विद्येच्या मागे लागतो व त्यातच प्राणास मुकतो. पुढे तो मुंज्या होऊन पुण्यातील बिट्टू ह्या भिडस्त तरुणाच्या मानेवर बसतो आणि एकच घोष लावतो: लग्न लावून दे. मुन्नीचे वय उलटून गेलेले पाहताच त्याची दृष्टी तिच्याच वंशातील बेला हिच्यावर जाते.

चित्रपट बव्हंशी विनोदी आहे आणि त्याचा उत्तरार्ध धावपळीने विस्कटला आहे, हे खरे. पण त्यातील पिशाचाचे स्वभावचित्र मार्मिक उतरले आहे. हा मुंज्या दुष्ट म्हणून भयानक नाही. तो हट्टी बाळ आहे. मुन्नी गेली तर बेला चालेल, ह्यावरूनच त्यास माणूस नको, लग्न हवे आहे, हे कळते. मुलगी ‘नाही’ म्हणू शकते ही गोष्टच त्याच्या ध्यानात येत नाही. अशी भुते पिंपळावर कमी आणि पिंपळाखाली अधिक.

चंदेरीच्या ‘स्त्री’ मध्ये हेच उलटे करून दाखविले आहे. तेथील पिशाच एका गणिकेचे. विवाहाच्या रात्रीच तिला व तिच्यावर मनापासून प्रेम करणाऱ्यास गावाने मारले. ती आता गावातील पुरुषांना उचलून नेते, परंतु आधी नावाने हाक मारते आणि जो वळून पाहील त्यालाच नेते. जिला गावाने संसार करू दिला नाही ती स्त्री संमती विचारते, ह्यातील उपरोध अमर कौशिक ह्यांच्या त्या हसऱ्या चित्रपटात फार सहज आला आहे.

लग्नाची तयारी म्हणून आज जे काही चालते, त्याकडे ह्या चित्रपटांनंतर पाहिले म्हणजे काही गोष्टींची गंमत वाटते. नवरा-नवरीच्या प्रवेशासाठी कोरड्या बर्फाचा धूर सोडतात, दिवे मालवतात, ढोलांचा ठेका वाढवीत नेतात. भयपटात पिशाच याच थाटाने येते. ते असो. अधिक महत्त्वाची वस्तू म्हणजे दोन्ही पक्षांनी बसून केलेल्या याद्या. पंगतीत किती पाने, मानाचे आहेर कोणाकोणास, वरात कोणत्या रस्त्याने, हे सर्व त्यात बारकाईने लिहिलेले असते. देण्याघेण्याचे कलम 1961 च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यानंतर कागदावरून उठले व बोलण्यात जाऊन बसले. मुलीला काय विचारले व तिने काय उत्तर दिले, ह्यासाठी यादीत ओळ कधी नव्हतीच. केळवणे जेवून जेवून थकलेल्या मुलीची मुद्रा उतरलेली दिसली, तर ‘माहेर सुटते म्हणून’ असा अर्थ सर्वजण स्वतःच लावून घेतात. कदाचित तो खराही असतो. पण तिला विचारून तो कोणी पक्का करून घेत नाही.

अन्विता दत्त ह्यांचा ‘बुलबुल’ ह्या ठिकाणी बोट ठेवतो. स्थळ 1881 सालचा बंगाल. पाचेक वर्षांची वधू झाडावर चढून बसलेली. तिला खाली उतरवून नटवितात. पायाच्या बोटात जोडवे का घालायचे, असे ती विचारते, तेव्हा तेथे एक शीर असते, ती दाबली नाही तर मुली उडून जातात, अशा अर्थाचे उत्तर तिला मिळते. पालखीत तिच्या शेजारी तिच्याच वयाच्या जवळपासचा एक मुलगा बसून चेटकिणीची गोष्ट सांगतो. हाच आपला नवरा, असे ती समजून चालते. रात्री कळते की नवरा म्हणजे घरातील थोरला, पुरा वाढलेला ठाकूर. पुढे त्या वाड्यात तिच्या पायांवर जे अत्याचार होतात, त्यांचे वर्णन येथे नको. ती मरते आणि उलट्या पावलांची देवी होऊन स्त्रियांना छळणाऱ्या पुरुषांचा फडशा पाडते. लाल चांदण्यात न्हालेली ती दृश्ये अतिशय देखणी आहेत, कदाचित विषयाच्या मानाने जास्तच देखणी.

चित्रपटातील ती वधू मोठी होत होती त्याच काळात, मुंबईत, रखमाबाई नावाची एक खरी तरुणी तसाच प्रश्न घेऊन उभी होती. अकराव्या वर्षी तिचे लग्न दादाजी भिकाजी ह्यांच्याशी लावून दिलेले होते. वयात आल्यावर तिने नांदावयास जाण्याचे नाकारले, म्हणून 1884 साली पतीने हक्कासाठी दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही ह्यांनी 1885 साली तिच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला, आणि 1887 साली पतीकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. तिने तुरुंगाची तयारी दाखविली. तिच्यापाशी उलटी पावले नव्हती, मंत्रसामर्थ्य नव्हते. एक आई होती, डॉक्टर सखाराम अर्जुन हे सावत्र वडील होते, आणि वर्तमानपत्रास पत्रे लिहिण्याइतके इंग्रजी होते. 1888 साली 2000 रुपये घेऊन पतीने दावा सोडला. पुढच्या वर्षी ती वैद्यक शिकण्यासाठी विलायतेस गेली, आणि परत येऊन सुरत व राजकोट येथे अनेक वर्षे बायकांवर उपचार करीत राहिली.