‘जा’ म्हणू नका, ‘चल’ म्हणा



निकाल मनासारखा लागला नाही की काही मुले घरात कोंडून घेतात. जेवण सुटते, झोप उडते, मित्र नकोसे होतात. आपण त्यांना आळशी म्हणतो. परंतु असे दोन आठवडे सतत चालले, तर तो आळस नसून नैराश्य असू शकते. आणि नैराश्य हा आजार आहे.

यावर औषधाप्रमाणेच व्यायामाचाही उपयोग होतो. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात नैराश्य जडलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या १५६ जणांवर झालेला प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाला. काहींना औषध दिले, काहींकडून आठवड्यातून तीनदा व्यायाम करून घेतला, काहींना दोन्ही दिले. औषधाचा गुण लवकर आला. पण सोळा आठवड्यांअखेर तिन्ही गटांत सुधारणा जवळपास सारखीच होती.

त्यासाठी आखाडा नको, खर्चही नको. फजरच्या नमाजनंतर आपल्या धर्माबादच्या स्टेशनपर्यंत झपाझप चालून आलात तरी पुष्कळ झाले. मात्र खचलेल्या मुलाला अंथरुणातून उठणेच जड जाते. म्हणून अब्बांनी ‘जा’ म्हणू नये. चप्पल घालून ‘चल बेटा’ म्हणावे. मुलींनाही अम्मीने सोबत न्यावे.

चालू असलेले औषध मनाने बंद करू नका. मूल जीव नकोसा झाल्याचे बोलले, तर त्याला एकटे सोडू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या किंवा शासनाच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. यात लाज कसली? लेकरू हसू लागले, हीच आपली कमाई.