एकोणीस आणि एकवीस

आज सकाळी तुमच्यापैकी कुणी केळं खाल्लं असेल, कुणी बटाट्याची भाजी. दोन्हींत पोटॅशियम असतं आणि त्याच्या दर दहा हजार अणूंमागे साधारण एक अणू किरणोत्सारी असतो. त्याचं नाव पोटॅशियम-40. शरीराला तो वेगळा ओळखू येत नाही. मग तोच का फुटतो?

कारण अणूच्या पोटात, केंद्रकात आहे. तिथे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दाटीवाटीनं बसलेले असतात. प्रोटॉन एकमेकांना लोटतात, अगदी या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळ्यांना बांधून ठेवणारं बल याहून कितीतरी दांडगं, पण त्याची पोच शेजाऱ्यापुरतीच. म्हणून 92 प्रोटॉनांच्या थोराड युरेनियमला ही बांधणी पुरत नाही. 82 प्रोटॉनांच्या शिशाच्या पुढे तर कायमचं टिकणारं एकही मूलद्रव्य नाही.

पोटॅशियम मात्र लहानखुरं. त्याचं दुखणं निराळं, आणि मला ते फार सुंदर वाटतं. केंद्रकात प्रोटॉनची प्रोटॉनशी, न्यूट्रॉनची न्यूट्रॉनशी जोडी जमते. जोडी जमली की केंद्रक घट्ट होतं. पोटॅशियम-40 मध्ये प्रोटॉन 19, न्यूट्रॉन 21. दोन्हीकडे एकेक जण बिनजोडीचा. एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन झाला, की वीस-वीस; अणू कॅल्शियमचा होतो. उलट, प्रोटॉनचा न्यूट्रॉन झाला तर अठरा-बावीस, म्हणजे आरगॉन वायू. कुठल्याही वाटेनं गेलं तरी जोड्या पुऱ्या होतात आणि उरलेली ऊर्जा बाहेर पडते.

हे घडतं फार सावकाश. निम्मे अणू बदलायला सुमारे 125 कोटी वर्षं लागतात. आणि एक विलक्षण गोष्ट सांगतो: अणू म्हातारा होत नाही. पृथ्वीच्या जन्मापासून टिकलेला अणू पुढच्या क्षणी फुटण्याची शक्यता पहिल्या दिवशी होती तेवढीच आज आहे. तरीही अणूंची संख्या एवढी अफाट, की मोठ्या माणसाच्या शरीरात दर सेकंदाला चार हजारांहून अधिक फुटतात. घाबरू नका, माणूस जन्माला आला तेव्हापासून हे असंच चालू आहे.

आपल्या सह्याद्रीचं वय यातूनच कळलं. लाव्हा पातळ असताना आरगॉन निसटून जातो, थिजल्यावर दगडात अडकतो. तो मोजून दख्खनचा बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांचा ठरला. घाटात थांबून काळ्या कातळावर हात ठेवाल, तेव्हाही आत एखादा पोटॅशियमचा अणू आरगॉन होत असेल.