आधी वाटणी, मग विंडोज



१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. शिरूर असो की दौंड, डीटीपीची दुकानं, फोटो स्टुडिओ, सेवा केंद्रं, जुनी मशीन सगळीकडं आहेत आणि त्यांच्यावर नवी विंडोज टाकायची पाळी आज ना उद्या येणारच. टाकणारा विचारतो, "पार्टिशन किती करू?" आपण म्हणतो, "करा तुमच्या हिशोबानं." घोळ होतो तो इथंच.

पार्टिशन म्हणजे डिस्कची वाटणी, आणि आपल्या भागात वाटणी समजायला सोपी आहे. डिस्कच्या सुरुवातीला एक छोटा तक्ता असतो. कुठला भाग कुठून कुठवर, एवढंच त्यात लिहिलेलं. हा डिस्कचा सातबारा. जुन्या एमबीआर पद्धतीत त्यात चारच मुख्य नोंदी बसत आणि दोन टेराबाइटच्या पुढं मोजणी जात नसे. आताच्या जीपीटीत विंडोज १२८ नोंदींची जागा ठेवते, शिवाय तक्त्याची एक प्रत डिस्कच्या शेवटी असते. पार्टिशन डिलीट केलं की नोंद जाते, जमीन जागच्या जागी राहते. म्हणून चुकून उडालंच तर तिथंच थांबा, डिस्कवर नवं काही लिहू नका. डेटा बऱ्याचदा परत मिळतो. एसएसडी असेल आणि पुढं फॉरमॅटही झालं असेल, तर मात्र फारशी आशा ठेवू नका.

चूक होते ती इन्स्टॉलच्या पडद्यावर. तिथं सी, डी ही ओळखीची अक्षरं नसतात. दिसतात ते पार्टिशनचे नंबर आणि त्यांचं माप. तेव्हा जुनी विंडोज चालू असतानाच कुठला भाग किती जीबीचा, ते वहीत उतरवून घ्या. ५०० जीबीची डिस्क तिथं ४६५ दिसेल. दुकानदारानं फसवलेलं नाही; कंपनी हजारानं मोजते, विंडोज १०२४ नं.

पूर्वी सी, डी, ई, एफ असे चार-पाच तुकडे पाडायची पद्धत होती. मला ती पटत नाही. एक भरतो, दुसरा रिकामा पडून राहतो. विंडोज ११ ला किमान ६४ जीबी लागतात. मी सीला दीडशे देईन, उरलेलं सगळं डीला.

आता गंमत बघा. डी केला तरी लग्नपत्रिकांच्या फाइली असतात डेस्कटॉपवर, आणि डेस्कटॉप असतो सीमध्येच! सी फॉरमॅट झाला की पत्रिका गेल्या. डॉक्युमेंट्स फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये लोकेशन बदलता येतं. डेस्कटॉपचंही तसंच.

पण डी म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्क जळाली तर सी आणि डी दोन्ही एकदमच जातात. बाहेरच्या डिस्कवर एक प्रत हवीच, आणि पार्टिशनला हात लावण्याआधी ती डिस्क मशीनपासून काढून ठेवा. मशीन यूपीएसवर आहे ना, तेही बघा. भाग लहान-मोठा होत असताना वीज गेली, तर डेटा गमावायची वेळ येऊ शकते.