घरगुती राउटरचे दूरस्थ व्यवस्थापन



भिंतीवर टांगलेली आणि दोन-चार दिवे लुकलुकविणारी राउटर नावाची पेटी हा वस्तुतः एक छोटेखानी संगणकच होय. अनेक राउटरांत लिनक्स ही प्रणाली चालते. लिंकसिस कंपनीने २००२ च्या अखेरीस बाजारात आणलेल्या ‘डब्ल्यूआरटी५४जी’ या राउटरमध्ये लिनक्स असल्याचे २००३ मध्ये जाणकारांच्या ध्यानी आले. लिनक्सच्या परवान्याची अट अशी की, ते घालून वस्तू विकणाराने त्याची मूळ संहिताही ग्राहकास उपलब्ध करून द्यावी. त्यानुसार संहिता खुली झाली आणि तिच्या आधारे २००४ मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा प्रकल्प उभा राहिला. तेव्हापासून, हाताशी जाणकार असेल तर, राउटरचा मालक खऱ्या अर्थाने त्याचा मालक होऊ शकला.

मालकीबरोबर राखणही आली. राउटर गावात आणि जाणकार तालुक्याला, अशी स्थिती असेल तर दुरून आत शिरण्याची सोय हवी. पूर्वी ही सोय टेलनेट या पद्धतीने होत असे. तीत परवलीचा शब्द उघड्या टपालकार्डावर लिहिल्याप्रमाणे तारेतून जाई. हेलसिंकी येथील तंत्र विद्यापीठाच्या जाळ्यावर असे शब्द चोरले गेले, तेव्हा तेथील तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच ही सांकेतिक पद्धत तयार केली. आज सर्वत्र तीच रूढ आहे.

तथापि पद्धत चांगली असून भागत नाही. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक आज्ञावलीने जगभरातील राउटर व कॅमेरे ताब्यात घेतले. त्यासाठी तिने मोठी विद्वत्ता खर्च केली नाही. कारखान्यातून आलेली सुमारे साठ नावे व परवलीचे शब्द ती एकेका पेटीवर आजमावून पाही. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच गुलाम पेट्यांच्या माऱ्याने अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. ज्यांच्या घरच्या पेट्या या कामी लागल्या, त्यांतील बहुतेकांना त्याची गंधवार्ताही नसावी. मिराई कार्यस्मृतीतच राहत असल्यामुळे वीज बंद-चालू करताच ती नाहीशी होई. परंतु शब्द न बदलल्यास थोड्याच वेळात पुनश्च शिरे.

यास्तव परवलीच्या शब्दाने होणारा प्रवेश बंद करून किल्लीच्या जोडीने प्रवेश द्यावा, हे उत्तम. जोडीतील गुप्त किल्ली व्यवस्थापकाच्या संगणकावरच राहते आणि सार्वजनिक किल्लीची एक ओळ राउटरमध्ये नोंदविली जाते. व्यवस्थापकाची बदली झाली की ती ओळ खोडावी. कार्यालयाच्या चाव्यांचा कार्यभार रीतसर सोपविला जातो. या चावीची आठवण मात्र सहसा कोणास होत नाही.

येथे वापरकर्त्यांच्या निर्देशिकांचा प्रश्न येतो, आणि घोटाळे बहुधा येथेच होतात. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये प्रारंभी ‘रूट’ हा एकच सर्वाधिकारी असतो व त्याला परवलीचा शब्दही नसतो. तो प्रथम द्यावा. रूटच्या किल्ल्यांची नोंद प्रणालीच्या स्वतंत्र निर्देशिकेत असते. इतर वापरकर्ते निर्माण केल्यास त्यांच्या किल्ल्या ज्याच्या-त्याच्या गृहनिर्देशिकेत राहतात. ही गृहनिर्देशिका इतरांना लिहिण्यास मोकळी राहिली, तर एसएसएचचे काम पाहणारी ‘ड्रॉपबेअर’ ही आज्ञावली त्यातील किल्ली मान्यच करीत नाही. ते योग्यच आहे; ज्या दप्तरात कोणीही कागद घालू शकतो, त्यातील कागदाला प्रमाण कसे मानावे? जागेची निवडही जपून करावी. ‘टीएमपी’ ही निर्देशिका कार्यस्मृतीत असते आणि ‘व्हीएआर’ तिच्याकडेच वळविलेली असते. तेथे ठेवलेली गृहनिर्देशिका वीज जाताच पुसली जाते, आणि वीज न जाणारे गाव विरळा. जुन्या राउटरमध्ये कायम स्मृती अवघी ४ मेगाबाइट असे, म्हणून निर्देशिका बाहेरच्या यूएसबी साठ्यावर ठेवण्याचा मोह होतो. तो साठा जोडला गेला नाही की किल्लीही सापडत नाही. सबब निदान एका सर्वाधिकाऱ्याची किल्ली राउटरच्या स्वतःच्या कायम स्मृतीत असावी.

एसएसएचचे दार इंटरनेटकडे थेट उघडे ठेवू नये. अनेकदा सेवा पुरविणारी कंपनी बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देते. तेव्हा बाहेरून आत येताही येत नाही. अशा वेळी राउटरनेच आतून व्यवस्थापकाच्या यंत्राशी सांकेतिक बोगदा जोडून ठेवावा. २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट असलेले ‘वायरगार्ड’ या कामी उपयुक्त आहे.

दुरून फायरवॉलचा नियम बदलताना स्वतःचीच वाट बंद होण्याचा धोका असतो. ओपनडब्ल्यूआरटीच्या दृश्य पटलावरून बदल केल्यास आणि त्यानंतर संपर्क तुटल्यास, ठरावीक सेकंदांनी जुनी मांडणी आपोआप परत येते. आज्ञा लिहून काम करणाऱ्याला ही सवलत नाही. त्याने दहा मिनिटांनी जुनी मांडणी परत आणणारी आज्ञा आधी नोंदवावी, मग बदल करावा, आणि पुन्हा आत शिरता आले म्हणजेच ती आज्ञा रद्द करावी.