काल की कळ?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील सेक्रेटरींचे भाषण)

मी हिशेब मांडेन असं वाटलं असेल, पण आज एक कबुली द्यायचीय.

मागच्या वार्षिक सभेची नोटीस ग्रुपवर टाकली होती. रात्री दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा मेसेज आला, नेहमीसारखा इंग्रजी अक्षरांत: "ह्यांना के-ए-एल आलीय. याल का?" मी वाचलं 'काल आलीय', म्हणजे नोटीस! उत्तर दिलं, "हो, रविवारी भेटूच." त्यांना म्हणायचं होतं 'कळ'. छातीत. दहा मिनिटांनी त्यांनी दार ठोठावलं, तेव्हा उलगडा झाला. दादा आज पहिल्या रांगेत बसलेत, म्हणून हे सांगता येतंय.

ही सवय एसेमेसच्या दिवसांतली. एका मेसेजात इंग्रजी 160 अक्षरं मावायची, देवनागरी 70च. पैसे वाचायचे. आता ती अडचण नाही, तरी काल, कळ, कल सगळं आपण त्याच तीन अक्षरांत कोंबतो.

नंतर वहिनींना म्हटलं, मराठीत लिहीत जा. म्हणाल्या, "भावजी, मोबाईलवर मराठी उमटवायचं कसं, हे कोणी दाखवलंय का?" खरंच, कोणीच नाही! तिथेच कीबोर्ड लावून दिला. आणखी कुणाला हवा असेल तर जेवणानंतर फोन घेऊन या, मी आइस्क्रीमच्या टेबलाशीच आहे.